फॅनी बर्नी : परदेशातील संसार आणि स्वभाषेतील लेखन

१

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात फॅनी बर्नी (१७५२-१८४०) हिचा उल्लेख सामान्यतः रिचर्डसन-फील्डिंग यांची परंपरा आणि जेन ऑस्टिन यांना जोडणारा दुवा म्हणून केला जातो. 'इव्हेलिना' (१७७८) आणि 'सिसिलिया' (१७८२) या दोन कादंबऱ्यांनी तिला कीर्ती दिली, 'कॅमिला'ने (१७९६) त्या कीर्तीला द्रव्याची जोड दिली आणि 'द वाँडरर' (१८१४) ही चौथी व अखेरची कादंबरी अपयशी ठरली, असा तिच्या लेखनाचा आलेख ढोबळमानाने मांडण्यात येतो. या आलेखात तिसऱ्या आणि चौथ्या कादंबरीच्या दरम्यान अठरा वर्षांचे अंतर आहे. त्यांपैकी दहा वर्षे तिने आपल्या फ्रेंच पतीच्या देशात घालविली. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत या वास्तव्याची नोंद बहुधा एखाद्या वाक्यात आटोपते, आणि त्या वाक्यात 'द वाँडरर'च्या अपयशाचे एक कारण म्हणून ते सांगितले जाते.

परदेशी माणसाशी विवाह करून त्याच्या देशात राहावयास जाणे ही कोणाच्याही चरित्रातील मोठीच घटना होय. लेखिकेच्या बाबतीत या घटनेला आणखी एक परिमाण प्राप्त होते. आप्तेष्टांचा विरह पत्रांनी काहीसा भरून काढता येतो, नवे घर मांडता येते, नव्या चालीरीती अंगवळणी पडतात. परंतु ज्या भाषेत ती लिहिते त्या भाषेच्या चालत्याबोलत्या व्यवहाराला ती पारखी होते, आणि ही उणीव भरून काढण्याचे साधन नव्या देशात नसते. फॅनी बर्नीची सारी प्रतिभा तर बोलण्याच्या लकबी टिपण्यावर पोसलेली होती. अशा लेखिकेच्या वाट्याला हा वियोग आला तेव्हा तिने काय गमावले आणि तिच्या हाती काय लागले, हे पाहण्यासाठी तिच्या चरित्राचा हा भाग सलगपणे तपासणे आवश्यक ठरते.

२

फ्रान्सिस ऊर्फ फॅनी बर्नी हिचा जन्म १३ जून १७५२ रोजी इंग्लंडमधील किंग्ज लिन येथे झाला. वडील चार्ल्स बर्नी हे संगीतज्ञ होते. पुढे चार खंडांत संगीताचा इतिहास लिहून त्यांनी मोठी प्रतिष्ठा मिळविली. आई एस्थर १७६२ मध्ये निवर्तली. आईची आई कॅथलिक होती आणि तिच्या घराण्याचे मूळ फ्रेंच होते. फॅनीचा या आजीवर विशेष जीव होता. आईच्या मृत्यूनंतर काही काळाने डॉ. बर्नींनी एस्थर आणि सूझन या दोन मुलींना शिक्षणासाठी पॅरिसला पाठविले. फॅनीला मात्र पाठविले नाही. आजीच्या प्रेमापोटी ती तेथे कॅथलिक होईल, अशी धास्ती त्यामागे असल्याचे सांगितले जाते. आठव्या वर्षापर्यंत जिला अक्षरओळख नव्हती, अशा या मुलीचे शिक्षण वडिलांच्या ग्रंथसंग्रहात आणि त्यांच्या दिवाणखान्यात झाले. या दिवाणखान्यात गवई, नट, विद्वान आणि सरदार यांची सतत ये-जा असे. बुजरी फॅनी कोपऱ्यात बसून त्यांचे बोलणे ऐके आणि रात्री ते जसेच्या तसे लिहून काढी. १७६८ पासून तिने नियमितपणे रोजनिशी ठेवली. वडिलांच्या ग्रंथाची मुद्रणप्रतही तिने आपल्या हाताने लिहिली.

'इव्हेलिना' १७७८ मध्ये निनावी प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या थरांतील माणसांच्या बोलण्यातील ढब, त्यांच्या चुका, त्यांचा पोकळ डौल हे सारे तिने अशा काही अचूकपणे पकडले होते की डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्यासारखे रसिक या कादंबरीवर लुब्ध झाले. 'सिसिलिया'ने हे यश दृढ केले. त्यानंतर १७८६ ते १७९१ अशी पाच वर्षे तिने राणी शार्लट यांच्या पदरी वस्त्रागाराची साहाय्यक म्हणून काढली. ही चाकरी मानाची असली तरी तिच्या प्रकृतीला आणि लेखनाला जाचक ठरली. अखेर वार्षिक शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन घेऊन ती मोकळी झाली तेव्हा तिने चाळिशीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते.

फ्रेंच राज्यक्रांतीने तिच्या आयुष्याला अनपेक्षित वळण दिले. १७९२ च्या अखेरीस सरे परगण्यातील मिकलहॅम गावाजवळील जुनिपर हॉल या वाड्यात फ्रान्समधून परागंदा झालेल्या काही सनदशीर राजसत्तावाद्यांनी आश्रय घेतला. त्यांत नारबॉन आणि तालेराँ यांच्यासारखे मुत्सद्दी होते आणि काही काळ मादाम द स्ताल याही होत्या. लाफायेतच्या सैन्यात अधिकारी असलेला अलेक्झांद्र द'आर्ब्ले हाही त्यांच्यातच होता. बरगंडी प्रांतातील ज्वॉन्यी या गावचा हा कुलीन कॅथलिक गृहस्थ क्रांतीमुळे निष्कांचन झाला होता. फॅनीची लाडकी बहीण सूझन फिलिप्स मिकलहॅमलाच राहत असे. तिच्याकडे जाण्या-येण्यात फॅनीचा या मंडळींशी परिचय झाला. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या वधाची वार्ता आली आणि ही सारी मंडळी शोकमग्न झाली. त्याच दिवसांत फॅनी आणि द'आर्ब्ले यांनी एकमेकांना आपापली भाषा शिकविण्यास प्रारंभ केला. दोघे परस्परांच्या भाषेत लहान लहान निबंध लिहीत आणि एकमेकांचे निबंध दुरुस्त करीत. त्यांच्या प्रेमाचा आरंभ व्याकरणाच्या दुरुस्त्यांतून झाला, ही गोष्ट पुढील चरित्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

डॉ. बर्नींना हा विवाह पसंत नव्हता. वर परका, परधर्मी आणि निर्धन होता. शिवाय त्याची राजकीय मते डॉ. बर्नींच्या कट्टर राजनिष्ठेला मानवणारी नव्हती. राणीकडून मिळणारे निवृत्तिवेतन बंद पडले तर हा संसार चालणार कशावर, हाही प्रश्न होताच. तथापि त्यांनी अखेर नाइलाजाने संमती दिली. २८ जुलै १७९३ रोजी मिकलहॅमच्या चर्चमध्ये विवाह झाला. वडील आले नाहीत. कन्यादान भाऊ जेम्सने केले. दोन दिवसांनी लंडनमधील सार्डिनियन वकिलातीच्या प्रार्थनामंदिरात कॅथलिक विधीने पुन्हा विवाह लावण्यात आला. इंग्लंडच्या कायद्याने पहिला विधी आवश्यक होता. पुढेमागे फ्रान्समधील मालमत्तेवर हक्क सांगता यावा म्हणून दुसरा. एकाच दांपत्याला दोन देशांसाठी दोनदा लग्न करावे लागले.

३

या संसाराची पहिली नऊ वर्षे पत्नीच्या देशात गेली. या काळात परदेशवासाचे दुःख पतीच्या वाट्याला होते. मराठी वाचकाच्या परिचयातील शब्द वापरावयाचा तर द'आर्ब्लेची स्थिती काहीशी घरजावयासारखी होती, फक्त घर श्रीमंत सासऱ्याचे नव्हते. शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन चालू राहिले. उरलेली भर पत्नीच्या लेखणीने घालावयाची होती. तो बागकाम शिकू लागला. बुकहॅम येथील भाड्याच्या घराच्या बागेत त्याने मोठ्या उत्साहाने तण उपटले आणि त्याबरोबर अ‍ॅस्परॅगसचा जुना वाफाही उखडून टाकला. फॅनीने हा प्रसंग हसत नोंदविला आहे, परंतु लष्करी अधिकाऱ्याला परक्या भूमीत निरुपयोगी होऊन बसावे लागण्याची व्यथा त्या हसण्याआड लपत नाही.

विवाहानंतर थोड्याच महिन्यांत, १७९३ मध्येच, तिने इंग्लंडमध्ये आलेल्या निर्वासित फ्रेंच धर्मगुरूंच्या साहाय्यार्थ एक पुस्तिका लिहिली. पतीच्या देशबांधवांसाठी आपल्या देशबांधवांपुढे हात पसरण्याचे हे काम होते. १८ डिसेंबर १७९४ रोजी मुलगा अलेक्झांडर जन्मला. त्याच्या भवितव्याची चिंता 'कॅमिला'च्या लेखनामागे होती. ही कादंबरी आगाऊ वर्गणीदार मिळवून छापली गेली. वर्गणीदारांच्या यादीत तरुण जेन ऑस्टिनचेही नाव आहे. वर्गणी आणि स्वामित्वहक्क यांतून आलेल्या पैशातून द'आर्ब्लेने स्वतः आराखडा करून वेस्ट हंबल येथे एक घर उभारले. त्या घराला कादंबरीचेच नाव मिळाले. पत्नीने लिहावे, त्या पैशातून पतीने घर बांधावे आणि त्या घरात दोन्ही भाषा बोलणारे मूल वाढावे, असे हे सुखाचे दिवस होते. तथापि ज्या जमिनीवर घर उभे होते ती एका स्नेह्याची होती आणि तिचे कागदपत्र पक्के नव्हते. पुढे १८१४ मध्ये हे घर विकावे लागले.

जानेवारी १८०० मध्ये सूझनचा मृत्यू झाला. फॅनीच्या रोजनिशीची आणि पत्रांची खरी वाचक तीच होती. हा आघात ती कधीच विसरली नाही. पुढे येणाऱ्या देशांतरापूर्वीच तिच्या खासगी लेखनाचा हक्काचा श्रोता असा नाहीसा झाला होता.

४

१८०१ च्या अखेरीस युद्ध थांबण्याची चिन्हे दिसू लागताच द'आर्ब्ले आपल्या मालमत्तेचा आणि थकलेल्या वेतनाचा शोध घेण्यासाठी फ्रान्सला गेला. मालमत्ता उरली नव्हती. सैन्यातील निवृत्तिवेतन मिळविण्यासाठी पुन्हा एकदा सेवा करणे भाग होते, म्हणून त्याने सेंट डोमिंगो बेटावरील मोहिमेत जाण्याची तयारी दर्शविली. नेमणूकही झाली. परंतु त्याच वेळी त्याने नेपोलियनला पत्र लिहून कळविले की, पत्नीच्या देशाविरुद्ध आपण कधीही शस्त्र धरणार नाही. नेमणूक तत्काळ रद्द झाली. एका वाक्यासाठी त्याने आपला व्यवसाय दुसऱ्यांदा गमावला. शिवाय इंग्लंड सोडताना एक वर्षभर परतणार नाही अशी हमी त्याने इंग्रज अधिकाऱ्यांना दिली होती. आता पत्नीने त्याच्याकडे जाणे एवढाच मार्ग उरला. एप्रिल १८०२ मध्ये, अमिआँच्या तहाला महिनाही झालेला नसताना, सात वर्षांच्या मुलाला घेऊन फॅनीने खाडी ओलांडली. एका वर्षाच्या बेताने ती निघाली होती. वय एकोणपन्नास होते.

पॅरिसमध्ये पतीच्या आप्तांनी तिचे मनःपूर्वक स्वागत केले. त्या उन्हाळ्याच्या आरंभी ट्युलरीज राजवाड्यात संचलनाच्या वेळी तिने नेपोलियनला जवळून पाहिले. मादाम द स्ताल यांच्याशी जुना स्नेह पुन्हा जोडण्याची संधी आली असता तिने ती सौजन्याने टाळली. त्यांच्या खासगी जीवनाविषयीच्या प्रवादामुळे डॉ. बर्नींनी पूर्वी दिलेला इशारा ती विसरली नव्हती. पतीच्या देशातही ती आपल्या वडिलांच्या मर्यादा पाळीत होती, असे यावरून दिसते. बिऱ्हाड पॅरिसलगतच्या पासी या गावी झाले.

मे १८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. फ्रान्समध्ये असलेल्या अठरा ते साठ वयाच्या इंग्रज पुरुषांना अटकेत ठेवण्याचा हुकूम निघाला. फॅनी स्त्री असल्याने आणि फ्रेंच गृहस्थाची पत्नी असल्याने अटकेतून वाचली, पण परतीची वाट बंद झाली. तिची कायदेशीर अवस्थाही विलक्षण होती. इंग्लंडच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे परकीयाशी विवाह केल्याने स्त्रीचे इंग्रज प्रजाजनत्व जात नसे. ही तरतूद १८७० मध्ये बदलली. उलट १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेप्रमाणे फ्रेंच माणसाशी विवाह केलेली परकी स्त्री पतीच्याच राष्ट्राची समजली जाई आणि पती जेथे राहील तेथे राहणे तिच्यावर बंधनकारक होते. परस्परांशी लढणाऱ्या दोन्ही राष्ट्रांच्या दृष्टीने ती त्यांची त्यांची प्रजा होती.

इंग्लंडमधून येणारे पैसे मिळणे दुरापास्त झाले. द'आर्ब्लेला अखेर गृहखात्याच्या इमारत विभागात एक साधी कारकुनी मिळाली. इंग्रज पत्नी असलेल्या माजी सेनाधिकाऱ्याला याहून अधिक मिळण्यासारखे नव्हते. पत्रव्यवहार जवळजवळ थांबला. एखादे पत्र प्रवाशाच्या हाती गुप्तपणे जाई, पण ते कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसल्यामुळे त्यात काही मोकळेपणाने लिहिण्याची सोय नव्हती. वृद्ध वडील जिवंत आहेत की नाहीत हेही महिनोन् महिने कळत नसे. घरात, बाजारात, मुलाच्या शाळेत सर्वत्र फ्रेंच होती. पन्नाशीतील या स्त्रीने ती भाषा चांगली आत्मसात केली. परंतु लोकांच्या बोलण्यातील बारीक विसंगतीवर कादंबरी उभारण्यासाठी जे जन्मजात कान लागतात ते परभाषेत मिळत नाहीत. इंग्रजी संभाषणाचा जो साठा घेऊन ती १८०२ मध्ये निघाली, त्यावरच तिला पुढील दहा वर्षे काढावी लागली. सोबत आणलेल्या कादंबरीच्या हस्तलिखितावर ती अधूनमधून काम करीत राहिली.

या काळातील सर्वांत कठीण प्रसंग १८११ चा. तिच्या उजव्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले आणि ३० सप्टेंबर १८११ रोजी राहत्या घरी शस्त्रक्रिया झाली. नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यविशारद बॅरन लारे आणि डॉ. द्यूब्वा यांच्यासह काळ्या पोशाखातील सात जण त्या खोलीत होते. भूल देण्याचे तंत्र अजून पस्तीस वर्षे दूर होते. पतीला हे पाहणे सोसणार नाही म्हणून त्या दिवशी तो कचेरीतच अडकून राहील अशी व्यवस्था तिने केली होती. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षे जगली.

सहा महिन्यांनंतर तिने या प्रसंगाचा वृत्तान्त थोरली बहीण एस्थर हिला पत्ररूपाने लिहावयास घेतला. तो पूर्ण करण्यास तिला अनेक आठवडे लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य तिला झाले नाही. द'आर्ब्लेने त्यात मध्येच स्वतःची एक लहानशी पुस्ती जोडली. शब्दांच्या निवडीपेक्षा घटनेच्या क्रमावर भिस्त ठेवणारे हे गद्य तिच्या कोणत्याही कादंबरीतील गद्याहून थेट आहे. निवेदन इंग्रजीत चालते, पण डॉक्टरांचे आणि तिचे स्वतःचे त्या खोलीतील उद्गार फ्रेंचमध्ये येतात, कारण ते त्याच भाषेत उच्चारले गेले होते. वेदना एका भाषेत भोगली गेली आणि तिची कथा दुसऱ्या भाषेत, बहिणीजवळ, सांगितली गेली. भगिनीसाठी लिहिताना तिची मूळची इंग्रजी दहा वर्षांच्या तुटीनंतरही शाबूत होती, याचा हा पत्रलेख पुरावा आहे. त्याचा पूर्ण पाठ १९७५ मध्ये, जॉइस हेमलो यांनी संपादिलेल्या बारा खंडांच्या संग्रहाच्या सहाव्या खंडात, प्रकाशात आला.

५

१८१२ मध्ये मुलगा अठरा वर्षांचा होण्याच्या बेतात होता आणि नेपोलियनच्या सैन्यभरतीचे संकट समोर दिसत होते. त्याला घेऊन फॅनीने डंकर्क बंदर गाठले. अमेरिकेचा परवाना, अमेरिकन जहाज आणि मनात इंग्लंड असा हा प्रवास होता. जहाज सुटेना म्हणून कित्येक आठवडे बंदरातच गेले. त्या अवधीत तिने पतीकडून कादंबरीचे हस्तलिखित मागवून घेतले. इंग्रजीत लिहिलेल्या कागदांचा तो गठ्ठा पाहून तेथील अधिकाऱ्याचा संशय बळावला आणि हस्तलिखित मोठ्या मिनतवारीने सुटले. त्यात फ्रान्सच्या राजवटीविरुद्ध काही नाही, असे तिला शपथेवर सांगावे लागले. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात नुकतेच युद्ध सुरू झाल्यामुळे डीलच्या किनाऱ्याजवळ इंग्रज आरमाराने हे जहाज पकडले, आणि अशा रीतीने ऑगस्ट १८१२ मध्ये ती स्वदेशी उतरली. किनाऱ्यावरील एक गोटा उचलून तिने ओठांना लावला. पती फ्रान्समध्येच राहिला होता.

'द वाँडरर' मार्च १८१४ मध्ये पाच खंडांत प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीसाठी पंधराशे पौंड ठरले होते. ही आवृत्ती प्रसिद्धीपूर्वीच विकली गेली. दुसऱ्या आवृत्तीच्या बऱ्याच प्रती परत आल्या आणि अखेर रद्दीत गेल्या. क्रोकर आणि हॅझलिट यांची परीक्षणे प्रतिकूल होती. पुढे १८४३ मध्ये मेकॉलेने तिच्या रोजनिशीची स्तुती करतानाच तिच्या उत्तरकालीन शैलीची निर्दय चिकित्सा केली. फ्रान्समधील वास्तव्याने तिचे इंग्रजी बिघडले, असे स्पष्टीकरण त्यानंतर रूढ झाले.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे. 'द वाँडरर'चे गद्य जड आहे, त्यातील वाक्ये लांब आणि अवघडलेली आहेत, हे मान्य करावे लागते. परंतु एस्थरला लिहिलेला वृत्तान्त याच लेखिकेने, याच सुमारास, याच घरात लिहिला. तेव्हा दोष भाषा विसरण्यात शोधता येत नाही. खासगी इंग्रजी तिच्याजवळ माणसांच्या रूपाने होती. बहिणीची आठवण जागी असेतो ती जिवंत राहिली. सार्वजनिक इंग्रजीला मात्र समाज लागतो. तो दहा वर्षे मिळाला नाही, आणि पुस्तकी वळणाच्या ज्या भारदस्त इंग्रजीकडे 'सिसिलिया'पासूनच तिचा ओढा होता, तीच एकटेपणात घट्ट होत गेली.

दुसरे कारण निष्ठेचे आहे. नेपोलियनच्या फ्रान्समध्ये दहा वर्षे राहिलेल्या इंग्रज लेखिकेकडून वाचकांनी त्या देशाच्या आतील बातम्यांची अपेक्षा केली होती. तिने त्या दिल्या नाहीत. ज्या देशाने शत्रुराष्ट्राच्या स्त्रीला सन्मानाने वागविले, ज्या देशात तिचा पती अजून होता आणि ज्या देशाच्या अधिकाऱ्याला तिने शब्द दिला होता, त्याची निंदा करून पुस्तक खपविणे तिला अप्रामाणिकपणाचे वाटले. पतीने पत्नीच्या देशाविरुद्ध शस्त्र न धरण्याची किंमत १८०२ मध्ये मोजली होती. पत्नीने पतीच्या देशाविरुद्ध लेखणी न चालविण्याची किंमत १८१४ मध्ये मोजली.

आणि जे तिने उघडपणे सांगितले नाही ते कादंबरीच्या कथानकात उतरले आहे. क्रांतिकाळातील दहशतीच्या दिवसांत एक तरुणी वेश पालटून फ्रान्समधून नावेने इंग्लंडला येते. ती आपले नाव सांगू शकत नाही, आपले कूळ सांगू शकत नाही, आणि एका फ्रेंच अधिकाऱ्याशी बळजबरीने झालेल्या विवाहाचे बंधन तिचा पाठलाग करीत असते. संगीत शिकवून, शिवणकाम करून पोट भरू पाहणाऱ्या या स्त्रीकडे इंग्लंडमधील प्रतिष्ठित मंडळी संशयाने आणि तुच्छतेने पाहतात. तिच्या बोलण्यातील परकी छटाही त्यांना खटकते. ज्या समाजाच्या बोलण्यावर 'इव्हेलिना'त विशीतील लेखिका आतून हसली होती, त्याच समाजाकडे येथे ती दारात उभ्या असलेल्या परक्या बाईच्या डोळ्यांनी पाहते. दारात ताटकळत ठेवलेल्या माणसाला घरातील लोक कसे दिसतात, हे १८१४ च्या विजयाच्या वातावरणात इंग्रज वाचकाला ऐकावयाचे नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी समीक्षेने या कादंबरीचा पुनर्विचार केला तो प्रामुख्याने या अंगाने.

६

कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १२ एप्रिल १८१४ रोजी, डॉ. बर्नी निवर्तले. त्याच सुमारास नेपोलियनचे पतन होऊन द'आर्ब्ले अठराव्या लुईच्या अंगरक्षक दलात दाखल झाला. फॅनी त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा पॅरिसला गेली. मार्च १८१५ मध्ये नेपोलियन परत आला तेव्हा १९ मार्चच्या रात्री तिला अंगावरच्या वस्त्रांनिशी पॅरिस सोडावे लागले. जूनमध्ये ती ब्रुसेल्समध्ये होती. वॉटर्लूच्या लढाईच्या दिवसांतील तोफांचा गडगडाट, अफवा आणि नंतर रस्त्यांतून येणाऱ्या जखमींच्या रांगा तिने पाहिल्या. द'आर्ब्ले ट्रिअर येथे घोड्याच्या लाथेने जायबंदी झाल्याचे कळताच त्रेसष्ट वर्षांची ही स्त्री जर्मन भाषेचा एक शब्द येत नसता एकटी त्याच्याकडे निघाली. वाटेत बॉन शहरात ती रस्ता चुकली, आणि कोणाला काही विचारण्याचीही सोय नव्हती. या तिसऱ्या भाषेच्या देशात तिला मुकेपणाचा पूर्ण अनुभव आला.

ऑक्टोबर १८१५ मध्ये दोघे इंग्लंडला परतले आणि बाथ येथे स्थायिक झाले. परदेशवासाचे पान पुन्हा पतीकडे आले. मुलाने फ्रान्समध्ये येऊन राजसेवा करावी, तेथेच विवाह करावा, अशी द'आर्ब्लेची इच्छा होती. आईच्या मनात केंब्रिजचे शिक्षण होते. या मतभेदात आईचे म्हणणे खरे झाले. पण सात वर्षे इंग्लंडमध्ये, दहा वर्षे फ्रान्समध्ये आणि पुन्हा इंग्लंडमध्ये वाढलेला तो मुलगा कोठेच नीट रुजला नाही. तो धर्मोपदेशक झाला आणि जानेवारी १८३७ मध्ये, आईच्या हयातीतच, मरण पावला. दोन देशांच्या संसाराचा हा हिशेब कोणत्याही वाङ्मयीन यशापयशाहून जड होता.

द'आर्ब्ले ३ मे १८१८ रोजी बाथ येथे मृत्यू पावला. त्यानंतर फॅनी लंडनला राहावयास गेली. तिने पुन्हा कादंबरी लिहिली नाही. वडिलांचे चरित्र तिने १८३२ मध्ये प्रसिद्ध केले; त्याची भाषा 'द वाँडरर'हूनही अवघड झाली आहे. पण याच वर्षांत, प्रसिद्धीचा विचार न करता, तिने डंकर्कचा प्रवास, पॅरिसमधून पलायन, ब्रुसेल्समधील दिवस आणि ट्रिअरची वाट यांचे सविस्तर वृत्तान्त आठवणीतून लिहून काढले. जे फ्रान्समध्ये असताना पत्रांत लिहिणे धोक्याचे होते आणि १८१४ मध्ये कादंबरीत लिहिणे कृतघ्नपणाचे वाटले होते, त्याला तिने येथे वाट करून दिली. श्रोता आता घरातलाच होता, आणि लिहिणारीची भाषा पुन्हा सरळ झाली. ६ जानेवारी १८४० रोजी, सूझनच्या मृत्यूच्याच तिथीला, तिचा अंत झाला.

१८४२ ते १८४६ या काळात पुतण्या-भाच्यांच्या पिढीने तिच्या रोजनिशीचे आणि पत्रांचे सात खंड प्रसिद्ध केले, आणि वाचकांना कादंबऱ्यांची लेखिका असलेली फॅनी बर्नी रोजनिशीकार म्हणून नव्याने परिचित झाली. परदेशातील संसाराने इंग्रजी साहित्याची एक कादंबरीकार कमी केली, असे म्हणता येईल. परंतु त्याच संसाराने तिच्या आत्मपर गद्याला असे विषय दिले की जे लंडनच्या दिवाणखान्यात तिला कधीच लाभले नसते. बाथमधील वॉल्कट येथे पती आणि पुत्र यांच्यासह तिचे दफन झाले. विवाहापासून पतीच्या मृत्यूपर्यंतच्या पंचवीस वर्षांत कधी त्याच्या तर कधी तिच्या देशात मांडलेल्या, आणि मध्ये दोनदा युद्धाने मोडलेल्या, या संसाराचा मुक्काम अखेर तिच्या भाषेच्या देशात झाला.